नेरूळच्या अभ्यासिकेचा रिव्ह्यू : सीट चांगली आहेच, पण जा ते रविवारसाठी

सहा महिने पूर्ण झाले म्हणून आता लिहितेय. मी राज्यसेवेचा अभ्यास करते, तिसरा अटेम्प्ट, राहायला कोपरखैरणेला. घरी दोन खोल्या आणि पाच माणसं, पप्पा माथाडी आहेत, पहाटे तीनला उठून तुर्भ्याच्या दाणाबंदरात जातात आणि दुपारी येऊन झोपतात, त्यामुळे दिवसा घरात लाइट लावून मोठ्याने वाचणं वगैरे विषयच नाही. म्हणून अभ्यासिका ही आमच्यासारख्यांची गरज आहे, चैन नाही, आणि नवी मुंबईत अभ्यासिका शोधणाऱ्या मुलींसाठी मी हे सविस्तर लिहितेय.

अभ्यासिका नेरूळ पूर्वेला आहे, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. नाव मुद्दाम टाकत नाही कारण काकांनी (मालक, बँकेतून रिटायर झालेत) स्पष्ट सांगितलंय की जाहिरात नको, सीटाच कमी आहेत, ज्याला खरी गरज आहे तो विचारत येतो. मला मेसेज करा, मी पत्ता देते. मी पनवेल लोकल पकडते, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरूळ, एकच गाडी, बदलायची भानगड नाही.

आता सोयी. अडतीस सीटा, प्रत्येकाला पार्टिशन, स्वतःचा टेबललॅम्प आणि चार्जिंग पॉइंट, सकाळी सहा ते रात्री अकरा. महिन्याला बाराशे, लॉकर हवा तर शंभर वेगळे, डिपॉझिट पाचशे. एसी दुपारी बारा ते पाच, बाकी वेळ पंखे. पुढच्या खोलीत मराठी-इंग्रजी मिळून पाच पेपर येतात आणि जुने पेपर महिन्याप्रमाणे बांधून ठेवलेले असतात, चालू घडामोडींचं रिव्हिजन करताना ह्याचा प्रचंड उपयोग होतो. मुलींसाठी वेगळं वॉशरूम आहे आणि ते स्वच्छ असतं, हे मी ठळक करून सांगतेय कारण आधी मी जिथे होते (नाव नको) तिथे चाळीस सीटांच्या जागी साठ जणांकडून पैसे घेतले होते, उशीर झाला की जिन्यात बसून वाचायचं, वॉशरूम सगळ्यांना मिळून एकच, आणि सोडताना डिपॉझिट मागितलं तर आज या उद्या या करत चार महिने फिरवलं, ते पैसे बुडाले ते बुडालेच. इकडे काकू स्वतः रजिस्टर ठेवतात, अडतीस म्हणजे अडतीसच, एकोणचाळिसावा आला की वहीत नाव लिहून घेतात आणि सीट रिकामी झाली की फोन करतात.

तक्रारी पण आहेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वायफाय संध्याकाळी रडतं. खालच्या मजल्यावर हॉल आहे, लग्नसराईत बँड आला की दोन तास गेले समजा. वॉशरूमची कडी महिनाभर नीट लागत नव्हती, दोनदा सांगितल्यावर बसवली. आणि उन्हाळ्यात कूलरचं पाणी दुपारपर्यंत संपतं, बाटली घरून आणा.

एवढंच असतं तर मी चार ओळी लिहून पाच पैकी चार स्टार दिले असते. पण रविवारचं सांगायला पाहिजे.

रविवारी दुपारी चारला अभ्यासिका बंद होते आणि पाचला पेपरच्या खोलीत सतरंजी टाकतात. काका बोलतात, फुकट, कुणावर जबरदस्ती नाही, पंधरा-वीस जण बसतो. एक माणूस किंवा एक विषय घ्यायचा आणि संपेपर्यंत सोडायचा नाही अशी पद्धत. मी लागले तेव्हा नवीन विषय सुरू होत होता. काकांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, सीडी देशमुख म्हणजे काय? मी पटकन बोलले, ठाण्याची संस्था. कारण आमच्यात तसंच म्हणतात ना, ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था, १९८७ पासून आहे, "तू सीडी देशमुखची एन्ट्रन्स दिलीस का", "ती सीडी देशमुखला आहे" असंच आम्ही बोलतो. दुसऱ्या एकाने सांगितलं, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. काका म्हणाले दोन्ही बरोबर, पण माणूस राहिला, तो बघू.

आणि सहा रविवार तो माणूस चालला.

पहिला रविवार गावाकडचा. चिंतामण द्वारकानाथ देशमुख, जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळचं नाते गाव, रायगडाच्या वाटेवरचं, आणि घर रोह्याचं, वडील वकील. काकांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं, आपण हे इथे नेरूळला, बेलापूर संपलं आणि खारघर लागलं की रायगड जिल्हा सुरू, म्हणजे जुना कुलाबा, आणि त्याच जिल्ह्यात खाली हे महाड. म्हणजे एका अर्थी शेजारचाच मुलगा. १९१२ ला मॅट्रिकला पहिला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप. मग केंब्रिजला जीझस कॉलेज, आणि तिथे घेतलं काय तर नॅचरल सायन्स, वनस्पतीशास्त्र, रसायन, भूगर्भ, वनस्पतीशास्त्रातलं तर बक्षीसच मिळवलं १९१७ ला. १९१८ ला आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी नोकरीच्या, परीक्षेत पहिला नंबर. मी बीएस्सी बॉटनी आहे. मला तीन वर्षं प्रत्येक नातेवाइकाने ऐकवलंय की झाडापानांचं शिकून कलेक्टर कसली होतेस, इकॉनॉमिक्स जमणार आहे का, तर देशाच्या चलनावर ज्याची सही होती तो माणूस बॉटनीवालाच होता हे मला त्या दिवशी कळलं, आणि हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं एवढंच वाटलं.

नोकरी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, महसूल, सेटलमेंट म्हणजे जमिनीचा सारा ठरवणं, मग प्रांताचा फायनान्स सेक्रेटरी. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला, जिथे गांधीजी गेले होते, तिथे सेक्रेटरींपैकी एक म्हणून काम. पुढे १९३५ च्या कायद्याखाली केंद्र आणि प्रांतांत महसूल कसा वाटायचा हे ठरवायला सर ऑटो नीमेयर आले, त्यांच्यासमोर मध्य प्रांताची बाजू मांडणारं टिपण देशमुखांनी लिहिलं आणि त्याचं फार कौतुक झालं. आपण वित्त आयोग (केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा सुचवणारा) पाठ करतो, पहिला १९५१ चा, अध्यक्ष नियोगी, पण त्याच्या आधीची ही वाटणी, प्रांत हात पसरून कसा उभा राहतो आणि आकडे घेऊन कसा भांडतो, हे कुठल्याच क्लासच्या नोट्समध्ये मला सापडलं नव्हतं. काकांनी ह्यावर पाऊण तास घालवला. काही जण कंटाळून उठले, मी नाही उठले.

दुसरा आणि तिसरा रविवार रिझर्व्ह बँक. हे सगळ्यात भारी झालं म्हणून जरा जास्त लिहिते.

काकांकडे एक जुनी नोट आहे, दोन रुपयांची, प्लास्टिकच्या कव्हरात. ती त्यांनी सगळ्यांच्या हातात फिरवली, फक्त कडेने धरा म्हणाले. जांभळट रंग, सहाव्या जॉर्जचं तोंड, मधोमध घडी इतकी जुनी की तिथे कागद कापडासारखा मऊ झालाय, आणि एका बाजूला दोन बारीक भोकं, टाचणीची, कुण्या कॅशियरने बंडल टाचलं असणार. वर इंग्रजीत ते वाक्य, धारकाला दोन रुपये देण्याचं मी वचन देतो, आणि खाली सही, सी. डी. देशमुख, गव्हर्नर. मी ती नोट लॅम्पखाली धरून खूप वेळ बघत बसले. राजा इंग्लंडचा, आणि वचन देणारा रोह्याचा. माझ्या पणजोबांच्या कनवटीला कधीतरी अशीच नोट असेल आणि त्यांना ती सही वाचता आली नसेल.

बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला, पाच कोटींच्या भांडवलावर, शेअरहोल्डरांची. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ, दुसरे जेम्स टेलर. देशमुख आले जुलै १९३९ ला लिआझन ऑफिसर म्हणून, म्हणजे सरकार आणि बँक ह्यांच्यातला दुवा, मग सेंट्रल बोर्डाचे सेक्रेटरी, १९४१ ला डेप्युटी गव्हर्नर, टेलर गेल्यावर ११ ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर. तारखा लिहून घेत असताना काका थांबले आणि म्हणाले, ऑगस्ट १९४३ पुढे काय लिहिणार? कुणी काही बोललं नाही. बंगालचा दुष्काळ, ते म्हणाले. त्याच वर्षी बंगालमध्ये लोक रस्त्यावर मरत होते. खुर्ची मिळाली ती ह्या वेळेला.

मग त्यांनी युद्धातल्या नोटांचं गणित सांगितलं आणि ते मला जन्मभर विसरता येणार नाही कारण ते त्यांनी आमच्या मार्केटच्या भाषेत सांगितलं. इंग्रज सरकारला युद्धासाठी माल हवा, धान्य, ताग, कापड, सगळं इथून उचललं. इथल्या व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला रुपये द्यायला लागणार, ते रिझर्व्ह बँकेने छापून दिले. त्या बदल्यात लंडनने काय दिलं? लंडनमध्येच हिंदुस्थानच्या खात्यावर पौंड लिहून ठेवले. बँकेच्या कायद्यात स्टर्लिंगच्या, म्हणजे पौंडातल्या, कागदांवर नोटा काढायची सोय होतीच. म्हणजे माल गेला, उधारीची चिठ्ठी आली, आणि चिठ्ठीच्या जोरावर इथे नोटा वाढल्या. युद्धाच्या काळात चलनातल्या नोटा पाचपटीहून जास्त झाल्या. नोटा पाचपट, माल मात्र कमी, मग भाव कुठे जाणार. ज्याच्याकडे विकायला काही नाही असा मजूर पहिला मेला.

हे मी घरी जाऊन पप्पांना सांगितलं. पप्पा सातवी शिकलेत. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, म्हणजे गाळ्यावरून पोती गेली आणि पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब-पैसे) आलीच नाही. मी म्हटलं हो, तसंच. मग त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला जो आमच्या वीस जणांपैकी कुणी विचारला नव्हता : मग ती उधारी वसूल झाली का?

तिसरा रविवार पूर्ण ह्या प्रश्नावरच गेला, मी तो काकांना तसाच विचारला, पप्पांच्या नावाने. उधारी साचत साचत सव्वाशे कोटी पौंडांच्याही वर गेली. जो देश युद्धाआधी इंग्लंडचा कर्जदार होता तो सावकार झाला, आपलं जुनं स्टर्लिंगमधलं कर्ज बरंचसं ह्यातूनच फिटलं. जुलै १९४४ ला अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देश बसले, जागतिक बँक आणि नाणेनिधी जिथे जन्माला आले ती बैठक, तिथे आपल्या शिष्टमंडळात देशमुख होते, षण्मुखम चेट्टी होते, ए. डी. श्रॉफ होते. आपल्या लोकांनी ही उधारी तिथे काढली, निदान थोडी तरी नाणेनिधीच्या मार्फत सोडवा म्हणून. इंग्लंडच्या बाजूने आलेल्या अर्थतज्ज्ञ केन्सने सांगितलं की हा इंग्लंड आणि हिंदुस्थानमधला मामला आहे, आम्ही आपसात बघू. तिथे दार बंद. पण कोट्यासाठी, म्हणजे नाणेनिधीतल्या आपल्या वाट्यासाठी, भांडून भांडून आपल्याला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला, स्वतंत्र नसलेल्या देशाला. उधारी पुढे वाटाघाटी करत हप्त्याहप्त्याने सुटत गेली. काका म्हणाले पप्पांना सांग, वसूल झाली, पण ज्यांची पोती होती त्यांच्या हातात नाही. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

इथेच एक जण, उलव्याचा मुलगा आहे, स्पष्ट बोलतो, त्याने विचारलं की काका, हा माणूस ४२ च्या चळवळीत इंग्रजांच्या नोकरीत, ४३ ला गव्हर्नर, ४४ ला सर झाला, आपण ह्याला मोठा का म्हणायचं? मला वाटलं काका चिडतील. ते चिडले नाहीत. म्हणाले हा प्रश्न तुझा तुझ्याकडे ठेव, मी उत्तर देणार नाही, पाचव्या रविवारी परत विचार. माझं मत सांगू का, मला तो मुलगा अर्धा बरोबर वाटतो. ज्या वर्षी लोक जेलात होते त्या वर्षी पदकं घेणं मला अजूनही टोचतं. पण दुसऱ्या बाजूला हेही आहे की ४७ ला फाळणी झाली तेव्हा एकच बँक दोन देशांची मध्यवर्ती बँक म्हणून ३० जून १९४८ पर्यंत चालवायची, आपल्याच नोटांवर "पाकिस्तान सरकार" असं वर छापून तिकडे पाठवायचं, त्याही नोटांवर देशमुखांचीच सही, हे सगळं रक्त सांडत असताना हिशोबाने पार पाडणारं कुणीतरी काम शिकलेलं लागतंच. १ जानेवारी १९४९ ला बँक सरकारी झाली, त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांचा कायदा आला, ३० जून १९४९ ला देशमुख उतरले. सही दुसऱ्याची आली.

चौथा रविवार अर्थमंत्री. १९५० ला जॉन मथाईंनी राजीनामा दिल्यावर देशमुख आले, त्याच वर्षी पॅरिसला नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या संयुक्त वार्षिक बैठकीचे अध्यक्षही तेच होते. पहिली पंचवार्षिक योजना, १९५२ ला कुलाब्यातून लोकसभेत निवडून. हा भाग काकांनी थोडा धावत घेतला आणि मला वाटतं परीक्षेच्या दृष्टीने उलट हाच निवांत घ्यायला हवा होता, तुम्ही बसलात तर वही पेन घेऊनच बसा कारण ते बोर्डावर लिहून लगेच पुसतात आणि नोट्स काही देत नाहीत. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली १ जुलै १९५५ ला, गावाकडे कर्ज सावकाराकडूनच मिळतं हे रूरल क्रेडिट सर्व्हेत दिसलं म्हणून, आणि पाच वर्षांत ४०० नवीन शाखा उघडायच्या अशी कायद्यातच अट. मग विमा. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी रेडिओवर देशमुखांनी जाहीर केलं की आयुर्विमा सरकार ताब्यात घेतंय, तोपर्यंत बाहेर पत्ता नव्हता. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी, ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, २४५ जणांचा कारभार एका वटहुकमाने, आणि १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी. आमच्या घरात कागदपत्रांच्या पिशवीत सगळ्यात वर पप्पांची एलआयसीची पॉलिसी असते, रेशनकार्डाच्याही वर. ती कुठून आली हे मला आता माहितीय.

पाचवा रविवार. ह्या दिवशी खोलीत जागा नव्हती, शेजारच्या सोसायटीतले दोन-तीन म्हातारे आजोबा पण खुर्च्या घेऊन आले होते.

आमचे आजोबा साताऱ्याकडून मुंबईला आले, मस्जिद बंदरला हमाली केली, आणि आम्हाला लहानपणी ते एकच गोष्ट परत परत सांगायचे, फाउंटनचा गोळीबार. मी ती गोष्ट आजोबांची म्हणून ऐकलेली, अभ्यासात संयुक्त महाराष्ट्र चळवळ वेगळी पाठ केलेली, १०६ हुतात्मे, १ मे १९६०, आणि सीडी देशमुख तिसऱ्याच कप्प्यात, अर्थव्यवस्थेत. त्या रविवारी तिन्ही एकत्र आले. नोव्हेंबर १९५५ ला गोळीबार झाला, मग जानेवारी १९५६ ला नेहरूंनी जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार, मुंबई पेटली, परत गोळ्या. ज्या जानेवारीत हा माणूस रेडिओवर विम्याचं राष्ट्रीयीकरण सांगत होता, त्याच जानेवारीत त्याच्या स्वतःच्या माणसांवर मुंबईत गोळ्या चालत होत्या, आणि तो त्याच सरकारात मंत्री होता. राजीनामा देऊ केलेला होता, पण काम हातात होतं. जुलै १९५६ ला तो मंजूर झाला आणि लोकसभेत उभं राहून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या : मुंबईबाबतचा एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हायला पाहिजे होती ती झाली नाही. पंतप्रधान समोर बसलेले. अर्थमंत्रीपद गेलं.

काका इथे थांबले. मागे बसलेल्या एका आजोबांनी हात वर करून सांगितलं, तेव्हा मी लालबागला होतो, बातमी आली तेव्हा चाळीत लोकांनी एकमेकांना साखर वाटली. एवढंच बोलून ते खाली बघत बसले. मग काकांनी उलव्याच्या मुलाकडे बघितलं, आता विचार म्हणाले. तो म्हणाला आता नाही विचारायचंय. मी मात्र विचारलं, की अडतीस वर्षं सरकारी खुर्चीत राहिलेल्या माणसाला कसं कळतं की आता उठायचं? काका म्हणाले, हे तुला परीक्षेत विचारणार नाहीत, पोस्ट मिळाल्यावर विचारतील.

त्या रात्री नेरूळहून परत जाताना गाडीत मी कुठलंच पुस्तक उघडलं नाही.

सहावा रविवार पुढच्या आयुष्याचा आणि ह्याच्यात मला एक तक्रार आहे. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) अध्यक्ष १९५६ ते १९६१, १९५९ ला मॅगसेसे पुरस्कार, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू १९६२ ते १९६७, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं अध्यक्षपद जवळजवळ वीस वर्षं, १९६९ ला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि तिसरे आले, गिरी जिंकले ती. मेघदूताचं मराठीत भाषांतर केलंय, गांधीजींची शंभर वचनं संस्कृत श्लोकांत आणलीत, हे ऐकून मला भयंकर आनंद झाला, म्हणजे मॅट्रिकचं संस्कृत शेवटपर्यंत सोडलं नाही. हे सगळं ठीक. पण त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुखांना काकांनी दहा मिनिटं दिली. दहा! ज्या बाईने लहान वयात स्वातंत्र्य चळवळीत उडी घेऊन जेल बघितला, संविधान सभेत बसली, नियोजन आयोगाची सदस्य झाली, १९५३ ला केंद्रीय समाजकल्याण बोर्ड उभं केलं, १९५८ ला स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीची अध्यक्ष होती, त्यांना "जानेवारी १९५३ ला दोघांचं लग्न झालं, नेहरू साक्षीदार होते" एवढ्यात उरकणं मला अजिबात आवडलं नाही. गंमत बघा, लग्नाला साक्षीदार असलेल्या माणसाच्या मंत्रिमंडळातून साडेतीन वर्षांनी बाहेर पडायचं, ते घरात बोलणं काय झालं असेल, ह्या बाजूने कुणी विचारच केला नाही. मी उठून हे बोलले. काकांनी ऐकून घेतलं, आणि दारात उभ्या असलेल्या काकू आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मी सांगते. मग अर्धा तास काकू बोलल्या, रजिस्टर मांडीवर तसंच, पाठांतर नाही, तारखा कमी, पण दुर्गाबाईंची आंध्र महिला सभा कशी सुरू झाली, मुलींना शिकायला वसतिगृह नसेल तर शाळेचा उपयोग काय, हे असं सांगितलं की आम्ही मुली सगळ्या पुढे सरकून बसलो. १९७५ ला नवरा-बायको दोघांनाही पद्मविभूषण. दुर्गाबाई १९८१ ला गेल्या, चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ ला, हैदराबादला.

तर रेटिंग. जागा, शांतता, स्वच्छता ह्याला चार. वायफायला दोन. मुलींसाठी सेफ आहे का असं बऱ्याच जणी विचारतात, हो आहे, रात्री साडेनऊनंतर निघणाऱ्या मुली एकत्र निघतात आणि काकू गॅलरीतून कोपऱ्यापर्यंत बघत उभ्या असतात, मी स्वतः सहा महिने रात्री दहाची गाडी पकडतेय. रविवारला पाच, आणि दुर्गाबाईंचे कापलेले मार्क काकूंनी भरून काढले.

कुणाला नको ही जागा? ज्यांना फक्त एमसीक्यू घासायचेत, टेस्ट सिरीज हवी, मार्गदर्शन हवं, त्यांनी येऊ नका, इथे ते नाही. गुडघे दुखत असतील तर तिसरा मजला लक्षात ठेवा. बाकी सगळ्यांनी एकदा रविवारी येऊन बसा, सीट घेतली नाही तरी चालतं, चहाचे पैसेसुद्धा घेत नाहीत.

सध्या चार सीटा रिकाम्या आहेत, खिडकीकडची एकच, ती दुपारी तापते. पुढच्या रविवारपासून अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ सुरू होतायत, गोखले इन्स्टिट्यूटचे, प्रवरेच्या साखर कारखान्याचे, पप्पा त्या दिवशी सुट्टी टाकून येणार आहेत कारण मी त्यांना सांगितलंय की ह्यात शेतकऱ्यांच्या मालाचं आहे. पाच वाजता सुरू होतं, काका पाचला दार लोटून घेतात, पावणेपाचला पोचा.